जगाचा पेंट बाजार आणि डिचोलीतला गाळा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात परत लिहितो. गोव्यातल्या डिचोलीत वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे, शेजारचा गाळा रिकामा झालाय, बँक २५ लाख द्यायला तयार आहे आणि त्यात तुम्हाला टिंटिंग मशीनसकट (हवी ती शेड जागेवर मिसळून देणारं यंत्र) पेंटचं मोठं दुकान टाकायचंय. दोन कंपन्यांचे रेप, म्हणजे विक्री प्रतिनिधी, मागे लागलेत, त्यातला एक मशीन फुकट देतो म्हणतो. आणि तुम्ही कुठल्याशा मार्केट रिपोर्टचा सारांश वाचलात की जगात पेंट-कोटिंगचा धंदा दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढणार, सगळ्यात जास्त आशियात, आणि पुढचा काळ वॉटर-बेस्ड (पाण्यातले रंग), पावडर (कोरडी भुकटी मारून भट्टीत भाजायची) आणि नॅनोचा (अतिसूक्ष्म कणांचे रंग). तर आत्ता उडी मारावी का, आणि मारली तर कशात.

मी या लाइनीत ३१ वर्षं आहे. सुरुवात जुवारी नदीच्या काठावर बार्ज, म्हणजे खाणीचं खनिज वाहणाऱ्या बोटी, दुरुस्तीच्या यार्डात, डेकवरचा गंज खरवडण्यापासून. मग कोटिंग इन्स्पेक्शन शिकलो, नऊ वर्षं एका पेंट कंपनीत टेक्निकल सर्व्हिस केली आणि आता फोंड्यात स्वतःचं काँट्रॅक्टिंग आहे. दुकान मी कधी चालवलं नाही पण गोव्यातल्या चाळीसेक पेंट दुकानांच्या काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलोय, तेवढ्यावरून लिहितो.

बाजार वाढेल का, याची चिंता करू नका, वाढेल. तुमच्यासाठी खरा प्रश्न असा की त्या वाढीतला कुठला पैसा तुमच्या गाळ्यात थांबणार आणि कुठला नुसता तुमच्या हातावरून पुढं जाणार. रिपोर्टात हे सापडणार नाही कारण रिपोर्ट कंपन्यांसाठी लिहिलेला असतो.

आधी तो आशियाचा आकडा. जगभरचा बाजार साधारण दोनशे अब्ज डॉलरच्या आसपास धरतात, रिपोर्टागणिक आकडा बदलतो कारण कोणी कारखान्याचा भाव धरतं, कोणी दुकानातला. त्यात आशिया-पॅसिफिकचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे हे खरं. पण आशिया म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर भारत येतो आणि त्या आकड्यात सगळ्यात मोठा हिस्सा चीनचा असतो. चीनमध्ये २०२१ ला एव्हरग्रांड ही मोठी बिल्डर कंपनी कर्जात बुडाली आणि तिथून घरबांधणी जी घसरली ती सावरलेली नाही. घरं कमी म्हणजे भिंतींचा रंग कमी. आता डिचोलीचा याच्याशी काय संबंध? संबंध टायटॅनियम डायऑक्साइडचा. पांढऱ्या रंगाचा जीव म्हणजे ही पावडर, भिंत झाकायचं काम तीच करते, आणि ती बनवणारा जगातला सगळ्यात मोठा देश चीन. घरी खप घसरला की हा माल बाहेर स्वस्तात लोटला जातो, मग बाकीचे देश आपले कारखाने वाचवायला ड्यूटी लावतात. युरोपियन युनियननं २०२५ च्या सुरुवातीला लावली, भारतानं त्याच वर्षी मे महिन्यात. ड्यूटी लागली की बादलीचा भाव हलतो, निघाली की परत हलतो. म्हणजे तिकडं कुठल्या तरी शहरात टॉवर अर्धवट राहिला की त्याचा परिणाम वर्ष-दीड वर्षानं तुमच्या रॅकवर दिसतो.

दुसरा धागा क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा. पेंटमधला निम्म्याहून जास्त कच्चा माल तेलातून येतो, रेझिनचे (रंग धरून ठेवणाऱ्या चिकाचे) मोनोमर, सॉल्व्हंट, मिनरल टर्पेंटाइन सगळंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासला जबरदस्त थंडी पडली, पेट्रोकेमिकल कारखाने गोठून बंद पडले, आणि त्या उन्हाळ्यात मला इथं वेर्ण्यातल्या एका फ्लोअरिंगच्या कामाला इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचं टणक कोटिंग) मिळेना. पुढं युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा क्रूड भडकलं. २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात भारतातल्या मोठ्या कंपन्यांनी टप्प्याटप्प्यानं मिळून वीस टक्क्यांच्या वर भाव वाढवले. ज्यांच्याकडं आधीचा स्टॉक होता ते दुकानदार खूश होते, आणि पुढं भाव उतरायला लागले तेव्हा तेच दुकानदार महाग घेतलेल्या बादल्यांवर बसून होते. म्हणून माझं पहिलं म्हणणं, भाव वाढणार म्हणून रेप गोडाऊन भरायला सांगेल तेव्हा भरू नका. तुमचा धंदा रंग विकायचा आहे, क्रूडवर पैज लावायचा नाही.

आता मोठ्या कंपन्यांचं बघा, इथं मला खरं काहीतरी सापडलं. गेल्या दोन-तीन वर्षांत जगातल्या बड्या कंपन्यांनी भिंतीच्या रंगाचे धंदे विकायचा सपाटा लावलाय. अमेरिकेच्या पीपीजीनं २०२४ च्या शेवटी स्वतःच्याच देशातला, म्हणजे अमेरिका आणि कॅनडातला, घरांच्या रंगाचा धंदा विकून टाकला. जर्मनीच्या बीएएसएफनं ब्राझीलमधला सुविनिल हा तिथला घराघरातला ब्रँड शेर्विन-विल्यम्सला दिला. हॉलंडच्या अक्झोनोबेलनं ड्यूलक्सवाल्या भारतीय कंपनीतला जवळपास ७५ टक्के हिस्सा जेएसडब्ल्यू पेंट्सला विकायचं जून २०२५ मध्ये जाहीर केलं, नऊ हजार कोटींच्या आतबाहेरचा व्यवहार. आणि याच व्यवहारात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे अक्झोनोबेलनं भारतातला पावडर कोटिंगचा धंदा विकला नाही, तो स्वतःकडं ठेवला. भिंत सोडली, पावडर धरली.

असं का? कारण भिंतीचा रंग हा मुळात वितरणाचा धंदा आहे. डबा बनवणं फार अवघड नाही, तो दर चार मैलांवर हव्या त्या शेडमध्ये दुपारपर्यंत पोचवणं अवघड आहे. शेर्विन-विल्यम्स अमेरिका आणि आसपासच्या देशांत मिळून स्वतःची साडेचार हजारांवर दुकानं चालवते म्हणून तिथं तिला कोणी हलवू शकत नाही. आपल्याकडं एशियन पेंट्सनं १९७० साली कॉम्प्युटर घेतला, कुठल्या गावात कुठल्या महिन्यात कुठला डबा खपतो हे मोजायला लागले आणि डीलरकडं दिवसातून तीन-चार वेळा गाडी पाठवायची सवय लावली, त्यावर पुढची पन्नास वर्षं राज्य केलं. फॅक्टरी, बोटी, गाड्या, पूल यांच्या कोटिंगमध्ये मात्र ज्ञान विकलं जातं, तिथं गिऱ्हाईक सहजासहजी दुसरीकडं जात नाही, म्हणून ज्या कंपन्या भिंतीत पहिल्या नंबरला नाहीत त्या तिकडं सरकतायत.

भारतात उलटं चित्र दिसतं, इथं नवे लोक भिंतीत उतरतायत. बिर्ला ओपसनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरुवात केली, दहा हजार कोटींची गुंतवणूक, सहा कारखाने, त्यातला एक महाडला, आपल्या मुंबई-गोवा हायवेवरच. जेएसडब्ल्यू आहे, त्याआधीपासूनची इंडिगो पेंट्स आहे. आपल्याकडं माणशी रंगाचा खप अजून वर्षाला चार किलोच्या आसपास आहे, श्रीमंत देशांत त्याच्या कित्येक पट, त्या जागेकडं बघून हे येतात आणि त्यांचं गणित चूक नाही. पण इतके जण एकदम आले की पहिली काही वर्षं डिस्काउंटची मारामारी होते. २०२४-२५ मध्ये एशियन पेंट्सची एकूण विक्री आदल्या वर्षापेक्षा खाली आली होती, म्हणजे पहिल्या नंबरवाल्यालाही झळ बसली.

म्हणून तुमच्या मागे दोन रेप आहेत. त्यांना डिचोलीतला गाळा हवाय. हे तुमच्यासाठी चांगलं आहे पण किती काळ चांगलं आहे ते समजून घ्या. फुकट मशीनच्या बदल्यात महिन्याच्या खरेदीचा आकडा ठरलेला असतो, स्टेनर (शेड करायला मिसळायचे रंग) त्यांचेच घ्यावे लागतात. मशीन रोज चाललं नाही तर नोझल सुकतात, शेड चुकते, आणि चुकलेली वीस लिटरची बादली परत कोणी घेत नाही. स्टॉकचं गणित मांडा, दहा प्रॉडक्ट, प्रत्येकाचे चार बेस (ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग), प्रत्येकाचे चार पॅक, इथंच १६० प्रकार झाले आणि अजून पुट्टी-प्रायमर यायचेत. इतका माल मांडून नेहमीच्या इमल्शनवर, म्हणजे भिंतीच्या पाण्यातल्या रंगावर, डिस्काउंट वाटून झाल्यावर दुकानदाराच्या हातात चार-पाच टक्के राहतात असं मी वर्षानुवर्षं ऐकत आणि बघत आलोय. वर रंगाऱ्याचं टोकन वेगळं. बादलीच्या झाकणाखालचं टोकन रंगाऱ्याच्या मोबाईलवर पॉइंट जमा करतं, आणि घरमालकाला ब्रँड कोणता सांगायचा हे बहुतेक वेळा तोच ठरवतो. अमेरिकेत कोविडच्या काळात लोकांनी स्वतः ब्रश हातात घेतला, तो खप पुढं ओसरला. आपल्याकडं तो प्रकार मुळात नाहीच, इथं रंगारी हाच दरवाजा आहे.

इथवरचं सार एवढंच की भिंतीचा रंग दुकानात असायलाच हवा, त्याशिवाय माणूस आत येणार नाही, पण नफा त्यात शोधू नका.

आता वॉटर-बेस्ड. जगात हे वळण कायद्यानं आणलं. युरोपात आतल्या मॅट भिंतीच्या रंगात लिटरमागे ७५ ग्रॅमपर्यंतच व्हीओसी, म्हणजे हवेत उडून जाणारे सेंद्रिय पदार्थ, चालतील असा नियम २००७ पासून आला आणि २०१० पासून तो ३० ग्रॅमवर आणला. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशावर नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. मला हे मनापासून पटतं, माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या दोघा रंगाऱ्यांची छाती थिनरनं गेली. बंद टाकीत मास्कशिवाय काम करायचे, कोणी सांगणारं नव्हतं. त्यामुळं ऑइल पेंट कमी होणार, व्हायलाच पाहिजे, ग्रील-दारांचंही पाण्यातलं इनॅमल आता बरं मिळतं.

पण पाण्यातला रंग गोव्यात कसा वागतो हे डब्यावर लिहिलेलं नसतं. एक उदाहरण देतो. नोव्हेंबर महिना, पर्वरीतलं एक घर, बाहेरून गडद करडा रंग, महागातलं एक्सटीरियर इमल्शन. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन, रंग ओघळतोय. जाऊन बघतो तर भिंतीवर वरून खाली गोगलगाय चालल्यासारखे चकचकीत चिकट ओघळ. बोट लावलं तर साबणासारखं बुळबुळीत. कंपनीचा माणूस म्हणाला रंगाऱ्यानं पाणी जास्त घातलं, रंगारी म्हणाला माल डुप्लिकेट. दोघांचंही चुकीचं होतं. शेवटचा हात संध्याकाळी पाच वाजता मारलेला, सूर्य गेला, दव पडलं, रंग अजून पुरता सुकला नव्हता म्हणून त्याच्यातले साबणासारखे घटक दवाबरोबर वर आले. उपाय काय, साध्या पाण्यानं धुवून काढा आणि आठवडाभर थांबा, ऐंशी टक्के वेळा पुढं काही करावं लागत नाही. आणि पुढच्या वेळी ऑक्टोबरनंतर बाहेरचं काम दुपारी तीनला बंद. हे एवढं ज्या दुकानदाराला सांगता येतं त्याच्याकडं गिऱ्हाईक दहा रुपये जास्त देऊन येतं, हे मी बघितलंय.

पुढचा भाग माझ्या जवळचा आहे, जरा लांबेल. लोखंड आणि खारी हवा. स्टीलवरच्या कोटिंगचं आयएसओ १२९४४ हे जागतिक स्टँडर्ड हवेची गंजाच्या हिशेबानं वर्गवारी करतं, सी१ पासून सी५ पर्यंत आणि २०१७-१८ च्या सुधारित आवृत्तीत त्याच्याही वर सीएक्स. कळंगुट-कांदोळीच्या किनाऱ्यालगत आपण वरच्या टोकाला असतो. डिचोली आत आहे, तिथं इतकं वाईट नाही, पण तुमच्याकडचे फॅब्रिकेटर ग्रील आणि गेट किनाऱ्यावरच्या व्हिलांना देतात की नाही ते विचारा, मला वाटतं देत असतील.

यार्डातली गोष्ट. एका बार्जच्या तळाची प्लेट आम्ही वाळू मारून चांगली चंदेरी केली होती, डोळ्यांना एक डाग नाही, इपॉक्सीचे दोन हात दिले, थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजली, सगळं बरोबर. पाण्यात गेली आणि सात महिन्यांनी परत ओढली तेव्हा तळाला वाटाण्याएवढे फोड, अंगावर कांजिण्या याव्यात तसे. एक फोड खिळ्यानं फोडला तर आतून पाणी आलं, जिभेला लावलं, खारट. प्लेट चंदेरी दिसत होती पण मीठ तिच्या खळग्यात बसलेलं होतं, ते रंगाखालून पाणी ओढत राहिलं. तेव्हापासून मी वाळू मारण्याच्या आधी आणि नंतर गोड्या पाण्यानं प्रेशरनं धुतल्याशिवाय डबा उघडू देत नाही, आणि स्टीलचं तापमान दवबिंदूच्या किमान तीन अंश वर असल्याशिवाय ब्रश लावू देत नाही. जहाजांच्या रंगात जागतिक नियमांचा धाकही मी जवळून बघितला. टीबीटी नावाचं विष असलेला तळाचा रंग, त्यानं शंखांच्या माद्यांना नराचे अवयव यायला लागले होते, सप्टेंबर २००८ पासून जगभर बंद झाला. २०२३ पासून सायब्युट्रीन हे शेवाळ मारणारं रसायनही बंद. आता सिलिकॉनचे गुळगुळीत तळ आलेत, शेवाळ-कालवं नीट चिकटत नाहीत, इंधन वाचतं, आणि जहाजांच्या कार्बनचं रेटिंग सुरू झाल्यापासून मालक त्याचे पैसे देतात.

२०१२ ला गोव्यात खाणी थांबल्या तेव्हा माझी बार्जची कामं एका वर्षात आटली. सोळा माणसं होती, चार उरली. तेव्हा मला रेलिंग, हॉटेलांच्या पाण्याच्या टाक्या आणि स्लॅबनं तारलं. डिचोलीच्या माणसाला खाणीचं जास्त काय सांगायचं, तुमच्या वडिलांनी ते दिवस काउंटरवर बसून काढलेत. एकाच गिऱ्हाइकावर किंवा एकाच कंपनीवर दुकान टेकवू नका असं मी म्हणतो ते तिथून येतं.

पावडर कोटिंग जगात वाढतंय हे बरोबर, त्यात सॉल्व्हंट नाही, उडालेली पावडर गोळा करून परत वापरता येते. पण ते १८०-२०० अंशांच्या भट्टीचं काम आहे, २५ लाखांत नीट प्लांट होत नाही आणि अर्धवट प्लांट टाकू नये. समुद्राकाठच्या ॲल्युमिनियमच्या खिडकीवर पावडरखाली गांडूळ सरपटल्यासारख्या बारीक रेषा आलेल्या तुम्ही बघितल्या असतील, कापलेल्या कडेपासून सुरू होतात. ते पावडरमुळे होत नाही, आधीची धुलाई आणि केमिकल प्रक्रिया ढिली केल्यामुळे होतं. तुम्ही यात एवढं करा, वेर्णे किंवा कुंडईतल्या एखाद्या नीट काम करणाऱ्या प्लांटशी बोलून ऑर्डर घेणारी जागा व्हा, आणि दुकानात झिंक प्रायमर, इपॉक्सी प्रायमर, पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) वरचा हात असा पूर्ण संच ठेवा. हे डिचोली-साखळी पट्ट्यात मागितल्यावर आजही बहुतेक ठिकाणी "मागवून देतो" असं उत्तर मिळतं.

आता ज्याबद्दल रिपोर्टात दोन ओळी असतात आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त कामाचं आहे ते, श्वास घेणारे रंग. युरोपात चुन्याचे आणि सिलिकेटचे खनिज रंग परत मागणीत आलेत. सिलिकेट रंगाचं पेटंट जर्मनीत काइमनं १८७८ साली घेतलं होतं, म्हणजे नवीन काही नाही. आपल्याकडं तर चुना घरचाच, शिंपले भाजून करायचे. देवळांतली कावीची चित्रं, तांबडी काव आणि चुन्याचा गिलावा, कित्येक पावसाळे काढून उभी आहेत.

दिवाडी बेटावरचं एक जुनं घर, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जाड भिंती, मातीचा-चुन्याचा गिलावा. मालक बाहेरगावी, त्यांनी प्रेमानं सगळ्यात महाग एक्सटीरियर इमल्शन लावून घेतलं, वर सात वर्षांची वॉरंटी. दुसरा पावसाळा संपल्यावर मला बोलावलं. बाल्कांवाशेजारच्या (दारासमोरच्या बसायच्या ओट्याशेजारच्या) भिंतीवर एका ठिकाणी पोपडा सुटला होता, नखानं धरून ओढला तर अख्खी पट्टी हातभर सोलून आली, रबरासारखी, आणि मागचा गिलावा ओल्या पिठासारखा खाली सांडला. चिरा पाणी पितो, जमिनीतनं ओढतो, आणि त्याला ते बाहेर टाकायला वाट हवी असते. इमल्शननं वाट बंद केली. रंग चांगलाच होता, भिंत चुकीची होती. आम्ही सगळं खरवडून काढलं, एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवून वाळवली, मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचेच पाच पातळ हात. खर्च इमल्शनपेक्षा मजुरीमुळे जास्तच आला हेही सांगतो. दर दोन-तीन वर्षांनी एक हात द्यावा लागतो. पण भिंत आज कोरडी आहे. फोंडा, डिचोली, दिवाडी, पणजीतलं फोंतेन्हास, अशी घरं शेकड्यांनी आहेत, आता बाहेरचे लोक ती विकत घेऊन नीट करतायत, आणि चाळलेला, नीट भिजवलेला चुना एका जागी मिळणारं दुकान मला अजून माझ्या ड्रायव्हिंगच्या टप्प्यात सापडत नाही.

नॅनोचं पटकन उरकतो. काही ठिकाणी खरं आहे, बहुतेक ठिकाणी डब्यावरचा शब्द आहे. विकणाऱ्याला विचारा भिंतीवर नक्की काय वेगळं होईल आणि किती वर्षं, उत्तर आलं तर बघा. गच्चीवरचे पांढरे उष्णता परतवणारे कोट मात्र खरे आहेत, तेलंगणानं २०२३ ला कूल रूफचं धोरणच केलं. गोव्यात अडचण शेवाळाची, पहिल्या पावसाळ्यानंतर पांढरं हिरवं-काळं होतं आणि निम्मा फायदा जातो, तेव्हा विकताना दरवर्षी धुवायचं हे सांगूनच विका. आणि वॉटरप्रूफिंग तर आपल्या पावसात सांगायलाच नको, पूर्वी शाकारणी व्हायची तशी आता लोक एप्रिल-मेमध्ये स्लॅबच्या मागे लागतात.

आता मी असतो तर २५ लाखांचं काय केलं असतं. यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे, गाळ्याचं भाडं, वडिलांची आधीची उधारी, घरातलं दुसरं उत्पन्न, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ढोबळ सांगतो. साधारण आठ लाख एकाच कंपनीच्या भिंतीच्या रंगात, मोजकी प्रॉडक्ट, आणि मशीन घ्यायचंच तर खरेदीचं बंधन कमीत कमी ज्याचं असेल त्याचं. पाच लाख वॉटरप्रूफिंग आणि भिंतदुरुस्तीच्या मालात, चार लाख लोखंडाच्या संचात आणि चुन्यात. तीन लाख अवजारांत आणि माणसांत: ओल मोजायचं मीटर, मायक्रॉन गेज, प्रेशर वॉशर भाड्यानं द्यायला, आणि दोन चांगले रंगारी स्वतः शिकवून तयार करायला. राहिलेले पाच लाख हात न लावता ठेवायचे, कारण काँट्रॅक्टर तुम्हाला साठ-नव्वद दिवसांनी देणार आणि कंपनीला मात्र वेळेत पैसे दिले तरच कॅश डिस्काउंट मिळतो, आणि तो डिस्काउंट सुटला की वर सांगितलेले चार-पाच टक्केही गेले. बऱ्याच चांगल्या चाललेल्या दुकानांचं शटर या एका जागी खाली आलंय, विक्री कमी म्हणून नाही.

कर्ज एकदम उचलू नका, बँकेला दोन हप्त्यांत मागा. पहिला जुलैत, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी घरांच्या आतली कामं जोरात असतात त्यासाठी, तेव्हा बाहेरच्या रंगाचा माल भरायची गरज नाही. दुसरा मार्चमध्ये, स्लॅबच्या सीझनला. मधल्या आठ महिन्यांत काय खपतं ते वहीत दिसेल आणि दुसरा हप्ता त्यावर ठरवता येईल.

रेपनं दिलेल्या कागदात महिन्याची खरेदी किती लिहिलीय आणि मशीन परत घेण्याचं कलम कसं आहे तेवढं इथं टाका, कंपनीचं नाव झाकून, मी वाचून सांगतो. आणि वडिलांच्या उधारीच्या वहीत रंगारी आणि फॅब्रिकेटर मिळून किती नावं आहेत, त्यातली वेळेवर पैसे देणारी किती, तेही त्यांना विचारून लिहा. त्या दोन आकड्यांवर मी वरची विभागणी बदलून देईन.